आईवरचा आरोप मागे घेणारा डॉक्टर

१९३८ सालची गोष्ट. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरी, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या एका डॉक्टरांच्या टेबलावर एक जाडजूड पत्र येऊन पडले. पत्र कसले, छोटे पुस्तकच ते! एकूण ३३ पाने, सगळी टंकलिखित. लिहिणारे गृहस्थ मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या आडगावातले वकील. आणि विषय एकच : त्यांचा पाच वर्षांचा मुलगा डोनाल्ड.

मुलगा अंगापिंडाने धडधाकट होता, दिसायला गोजिरा होता. दोन वर्षांचा होता तेव्हाच धर्मशिक्षणाच्या पुस्तकातली २५ प्रश्नोत्तरे त्याला तोंडपाठ होती. ऐकलेली चाल तो बिनचूक गुणगुणे. पण वडील कामावरून घरी आले तरी मान वर करून पाहत नसे. आईने जवळ घेतले काय, न घेतले काय, त्याला सारखेच. भांड्यांची झाकणे, ठोकळे, जे हाती येईल ते जमिनीवर गरगर फिरवण्यात त्याचा दिवस जाई आणि कुणी त्यात व्यत्यय आणला की आकांत! स्वतःला तो ‘मी’ म्हणत नसे, ‘तू’ म्हणे. म्हणजे पाणी हवे असले की, पाणी देताना आई त्याला जे विचारी तेच वाक्य तो जसेच्या तसे उच्चारी.

त्याआधी १९३७ साली स्थानिक डॉक्टरांच्या सल्ल्याने आई-वडिलांनी त्याला घरापासून दूर एका संस्थेत ठेवले होते. तिथे तो आणखीच मिटत गेला. शेवटी जवळपास वर्षभराने, संस्थाचालकांचा सल्ला धुडकावून, त्यांनी त्याला घरी आणले. आणि आता ते एका प्रश्नाचे उत्तर मागत होते : आमच्या मुलाला झाले आहे तरी काय?

पत्र वाचणाऱ्या डॉक्टरांनाही याचे उत्तर ठाऊक नव्हते. पण ठाऊक नाही हे त्यांना प्रामाणिकपणे कळले होते आणि तिथूनच एका नव्या शोधाला सुरुवात झाली. या डॉक्टरांचे नाव लिओ कॅनर. आज आपण ज्याला ऑटिझम किंवा स्वमग्नता म्हणतो, त्या अवस्थेचे बालरोगशास्त्रातले पहिले गाजलेले वर्णन त्यांचे. आणि त्या मुलांच्या आयांच्या माथी वीस वर्षे जो कलंक बसला, त्यातही त्यांचा वाटा होता. थोर माणसाच्या चरित्रात अशा दोन गोष्टी शेजारी शेजारी नांदाव्यात, हे वाचायला अवघड जाते; पण कॅनर समजून घ्यायचे तर दोन्ही पाहायला हव्यात.

कवी व्हायचे राहून गेले

कॅनर यांचा जन्म १३ जून १८९४ चा. गाव क्लेकोतुव्ह, ब्रॉडी या शहराजवळचे. तेव्हा तो मुलूख ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता, आज युक्रेनमध्ये आहे. घर ज्यू, सनातनी. वडील धर्मग्रंथांच्या अभ्यासात बुडालेले. १९०६ साली हा मुलगा बर्लिनला आला, तिथेच शाळा झाली आणि तिथेच वैद्यकीचे शिक्षण सुरू झाले. मध्येच पहिले महायुद्ध पेटले. पुस्तके मिटून त्याला ऑस्ट्रियाच्या सैन्याच्या वैद्यकीय पथकात जावे लागले. युद्ध संपल्यावर पुन्हा अभ्यासाला लागून १९२१ साली तो डॉक्टर झाला. त्याच वर्षी लग्नही झाले.

खरे तर लिओला कवी व्हायचे होते. कविता लिहून होत, पण छापणारा भेटत नसे. पुढे म्हातारपणी या अपयशाबद्दल ते नशिबाचे आभार मानीत. कविता छापल्या गेल्या असत्या तर आपण जर्मनीतच रमलो असतो आणि मग हिटलरच्या तावडीतून सुटलो नसतो, असे त्यांना वाटे.

बर्लिनच्या नामांकित शारिते रुग्णालयात ते हृदयाच्या विकारांवर काम करीत होते. पण युद्धानंतरच्या जर्मनीत महागाईने कहर मांडला होता. सकाळी हातात आलेल्या पगाराची संध्याकाळी किंमत उरत नसे. अशात एका अमेरिकन परिचिताने तिकडे येण्याचा मार्ग सुचवला आणि १९२४ साली बायको आणि लहान मुलगी यांच्यासह कॅनर अमेरिकेला निघाले. नोकरी मिळाली ती साउथ डाकोटा राज्यातल्या यँक्टन गावी, मनोरुग्णांच्या सरकारी इस्पितळात. कुठे बर्लिन आणि कुठे हे माळरानातले गाव! मनोविकारशास्त्राचे रीतसर शिक्षण झालेले नव्हते, इंग्रजीही नवीनच. दोन्ही विद्या ते तिथे काम करता करता शिकले. याच काळात दातांविषयीच्या लोकसमजुतींवर त्यांनी एक पुस्तकही लिहिले. ते १९२८ साली प्रसिद्ध झाले. दुधाचा दात पडला की तो कुठे टाकायचा, याच्या नाना देशांतल्या रीती गोळा करणारा हा डॉक्टर होता! माणसाच्या साध्या, घरगुती गोष्टींविषयीचे हे कुतूहल पुढे त्यांच्या फार उपयोगी पडले.

१९२८ साली अॅडॉल्फ मायर या त्या काळच्या अग्रगण्य मनोविकारतज्ज्ञाने त्यांना जॉन्स हॉपकिन्समध्ये बोलावून घेतले. दोन वर्षांनी, १९३० मध्ये, लहान मुलांच्या रुग्णालयातच मुलांच्या मनाचा स्वतंत्र दवाखाना सुरू झाला आणि त्याची सूत्रे कॅनर यांच्याकडे आली. मूल आजारी पडले की ताप, खोकला, पोट पाहायचे. त्याला मनही असते आणि तेही दुखते, हे तेव्हा डॉक्टरांच्या सहसा ध्यानीमनी नसे. १९३५ साली कॅनर यांनी बालमानसोपचारावरचे पाठ्यपुस्तक लिहिले. इंग्रजी भाषेतले हे या विषयाचे पहिले पाठ्यपुस्तक मानतात. त्याच्या आवृत्त्या पुढे जवळपास चार दशके निघत राहिल्या.

दुबळ्यांचा वकील

ऑटिझमच्या आधीचे कॅनर फारसे कुणाला माहीत नसतात. पण त्यांची ओळख पटते ती तिथेच.

मेरीलँड राज्यात मतिमंद व्यक्तींसाठी एक सरकारी संस्था होती. काही वकिलांनी न्यायालयात अर्ज करून तिथल्या मुलींना ‘मुक्त’ करण्याचा सपाटा लावला होता. कागदोपत्री स्वातंत्र्य, प्रत्यक्षात सुखवस्तू घरांना फुकटात मिळालेल्या मोलकरणी! अशा सुटलेल्या १६६ जणांचे पुढे काय झाले, याचा माग कॅनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. कुणी आजाराने गेले होते, कुणी तुरुंगात होते, कित्येक जणींना शरीरविक्रय करावा लागत होता. १९३७ साली त्यांनी हे सारे मनोविकारतज्ज्ञांच्या परिषदेत मांडले आणि वर्तमानपत्रांतून एकच गदारोळ उठला.

जर्मनीत हिटलरचे राज्य आल्यावर तिथून परागंदा होणाऱ्या ज्यू डॉक्टरांसाठी कॅनर पती-पत्नींनी घराचे दार उघडे ठेवले. हमीपत्रे लिही, नोकऱ्या शोध, राहायची सोय कर, असे करीत त्यांनी सुमारे दोनशे जणांना अमेरिकेत आसरा मिळवून दिला. त्यांत व्हिएन्नाचे जॉर्ज फ्रँकल होते, अॅनी वाइस होत्या. फ्रँकल यांनी व्हिएन्नाच्या ज्या दवाखान्यात वर्षानुवर्षे ‘वेगळ्या’ मुलांचे निरीक्षण केले होते, तिथेच हान्स अॅस्पर्गर हे तरुण डॉक्टरही काम करीत. पुढे डोनाल्ड बाल्टिमोरला आला तेव्हा त्याला तपासणाऱ्यांत फ्रँकल होते. स्वमग्नतेच्या शोधात त्यांना मिळायला हवे होते ते श्रेय कॅनर यांनी दिले का, यावर इतिहासकारांत वाद आहे.

१९४२ साली आणखी एक प्रसंग आला. फॉस्टर केनेडी या बड्या मज्जाविकारतज्ज्ञाने, जन्मतःच बुद्धीने अत्यंत अपंग असलेल्या मुलांना वेदनारहित मरण द्यावे, अशी सूचना अमेरिकेतल्या मनोविकारशास्त्राच्या नियतकालिकातच मांडली. कॅनर यांनी त्याच अंकात तिला कडाडून विरोध केला. कचरा उचलणारा, शेतात राबणारा, बुद्धीने कमी असलेला माणूस समाजाचे केवढे ओझे वाहत असतो, याची त्यांनी आठवण करून दिली. निर्बीजीकरणाला मात्र त्यांचा सरसकट विरोध नव्हता. त्या काळाची ती मर्यादा त्यांनाही होती. तरी फरक लक्षात घ्यायला हवा. त्याच सुमारास नाझी राजवटीत अपंग मुले खरोखरीच मारली जात होती आणि अॅस्पर्गर यांनीही काही मुले तशा संस्थेकडे पाठवली होती, हे २०१८ साली कागदपत्रांवरून उजेडात आले.

अकरा मुले

डोनाल्ड १९३८ च्या ऑक्टोबरात बाल्टिमोरला आला. त्याला पाहिल्यावर कॅनर यांनी घाईने कुठलेही लेबल चिकटवले नाही. वेड म्हणावे तर स्मरणशक्ती अफाट. मंद म्हणावे तर ठोकळ्यांचे कोडे चुटकीसरशी सुटते. बहिरा म्हणावे तर दूरच्या यंत्राच्या घरघरीने कावराबावरा होतो. मग पुढच्या चार-पाच वर्षांत तशीच आणखी मुले येत गेली. कुणाला बहिरे ठरवले होते, कुणाला जन्माने मंद. कॅनर त्यांच्याशेजारी बसून पाहत राहिले, आई-वडिलांनी लिहून दिलेले बारीकसारीक तपशील वाचत राहिले. डोनाल्डच्या वडिलांची ती ३३ पाने हा त्यातला मोठा ठेवा होता.

१९४३ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात अकरा मुलांच्या हकिकती होत्या. आठ मुलगे, तीन मुली. सगळ्यांत समान दिसल्या त्या दोन गोष्टी. एक, जन्मापासूनचे एकलेपण. माणसे आजूबाजूला असून नसल्यासारखी, वस्तूंशी मात्र गाढ मैत्री. दुसरी, सारे काही जसेच्या तसे राहावे हा हट्ट. रोजचा रस्ता बदलला, खुर्ची हलवली, वाक्यातला एक शब्द फिरला तरी आभाळ कोसळे. ‘ऑटिझम’ हा शब्द कॅनर यांचा नव्हे. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी तो स्किझोफ्रेनियाच्या एका लक्षणासाठी आधीच वापरला होता. कॅनर यांनी त्याला नवा अर्थ दिला. अशा मुलांकडे पाहणारेही ते पहिलेच नव्हते. मॉस्कोत ग्रून्या सुखारेव्हा यांनी १९२५-२६ मध्येच तशी मुले बारकाईने वर्णिली होती. व्हिएन्नात अॅस्पर्गर यांचा प्रबंध १९४४ साली आला. पण जगाने ऐकले ते बाल्टिमोरचे.

आणि याच निबंधात पुढच्या शोकांतिकेचे बीज होते. निष्कर्ष लिहिताना कॅनर यांनी स्पष्ट म्हटले होते की ही अवस्था मुले जन्मतःच घेऊन येतात. पण जाता जाता त्यांनी अशीही नोंद केली की, या मुलांचे आई-बाप बहुतेक सगळे बुद्धिमान, उच्चशिक्षित आणि काहीसे कोरडे, अलिप्त वाटतात. आता विचार करा. त्या काळी देशाच्या कानाकोपऱ्यातून बाल्टिमोरच्या तज्ज्ञापर्यंत कोण पोहोचू शकत होते? ज्याच्यापाशी पैसा होता, वाचन होते, लेखणी होती, तोच. शेतमजुराचे स्वमग्न मूल कॅनर यांच्या दारापर्यंत येणारच नव्हते. ते कुठल्यातरी संस्थेच्या भिंतीआड मंद म्हणून जगत-मरत होते. चाळणीत जे उरले त्यालाच सारे धान्य समजण्याची ही चूक होती.

शीतकपाटाची उपमा

यातला विरोधाभास पाहा. १९४१ साली याच कॅनर यांनी आयांची बाजू घेणारे पुस्तक लिहिले होते. जरा काही बिनसले की आईला दोष देणाऱ्या अतिउत्साही मानसशास्त्रज्ञांना त्यात त्यांनी चांगलेच फैलावर घेतले होते, आयांना स्वतःवर भरवसा ठेवायला सांगितले होते.

पण वारे बदलले. युद्धानंतर अमेरिकेत फ्रॉइडच्या अनुयायांचा बोलबाला झाला. मुलाच्या प्रत्येक दुखण्याचे मूळ आईच्या कुशीत शोधायची पद्धत पडली. कॅनर त्या वाऱ्याला पाठ देऊन उभे राहिले नाहीत. १९४९ सालच्या लेखात त्यांनी या मुलांच्या घरांना शीतकपाटाची उपमा दिली. माया गोठलेली घरे, ज्यांतला बर्फ कधी वितळतच नाही. टाइम साप्ताहिकाने १९४८ साली आणि पुन्हा १९६० साली हे चित्र लाखो घरांत पोचवले. एक ‘शीतकपाटी आई’ जन्माला आली.

मग जे झाले ते आज वाचवत नाही. शिकागोत ब्रूनो बेटलहाइम नावाचे गृहस्थ विकारग्रस्त मुलांची शाळा चालवीत. त्यांनी १९६७ साली लिहिलेल्या पुस्तकात या मुलांच्या अवस्थेची तुलना थेट छळछावणीतल्या कैद्यांशी केली. म्हणजे घर ही छावणी झाली आणि आई पहारेकरी! उपाय काय, तर मुलाला आई-बापांपासून तोडायचे. आधीच मूल हाकेला ओ देत नाही म्हणून झुरणारी बाई डॉक्टरांकडे जाई आणि मुलाच्या उपचाराऐवजी स्वतःच्या गुन्ह्याचा कबुलीजबाब शोधत घरी परते. आपण त्याला पोटात असताना नको म्हटले होते का? पहिल्या महिन्यात नीट जवळ घेतले नाही का? किती आया अशा रात्र रात्र जागल्या असतील, त्याची मोजदाद कोण ठेवणार?

या आरोपाला पहिला मोठा धक्का दिला तो एका बापाने. बर्नार्ड रिमलँड हे अमेरिकन नौदलात काम करणारे मानसशास्त्रज्ञ. १९५६ साली त्यांना मुलगा झाला, तो स्वमग्न. आपली बायको थंड, कोरडी आहे, हे त्यांना काही केल्या पटेना. मग त्यांनी जेवढे सापडेल तेवढे वाचून काढले आणि १९६४ साली पुस्तक लिहिले : ही अवस्था मेंदूच्या जडणघडणीतली आहे, आईच्या वागण्यातली नव्हे. आणि त्या पुस्तकाला प्रस्तावना कुणाची? लिओ कॅनर यांची! आपल्याच सावलीविरुद्ध लिहिलेल्या पुस्तकाच्या दाराशी ते स्वतः उभे राहिले.

१९६५ मध्ये रिमलँड आणि इतर पालकांनी राष्ट्रीय संघटना उभारली. १९६९ साली वॉशिंग्टनला तिची परिषद भरली, तिथे पंचाहत्तरीतले कॅनर भाषणाला उभे राहिले. समोर शेकडो आई-बाप. आपण या अवस्थेला पहिल्यापासून जन्मजातच म्हणत आलो, लोकांनी आपल्या तोंडी भलतेच घातले, अशी तक्रार त्यांनी केली. बेटलहाइम यांचे पुस्तक पोकळ असल्याचे ठणकावले आणि मग समोरच्या सगळ्या पालकांना आरोपातून मुक्त केल्याचे जाहीर केले. सभागृह उठून उभे राहिले.

ती तक्रार पूर्ण खरी नव्हती. शीतकपाटाची उपमा कुणी त्यांच्या तोंडी घातली नव्हती, ती त्यांचीच होती. आपली चूक म्हणून त्यांनी ती कबूल केली असती तर त्यांची उंची आणखी वाढली असती. पण भर सभेत, आयांच्या डोळ्यांत पाहून, त्यांनी त्यांच्या खांद्यावरचे ओझे उतरवले, हेही तितकेच खरे. पुढे १९७७ साली ब्रिटनमध्ये सुझन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या भावंडांच्या २१ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि स्वमग्नतेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचे दाखवले. तेव्हा कॅनर हयात होते.

नांगर आणि मक्याच्या ओळी

कॅनर यांच्या कामातले मला सर्वांत मोलाचे वाटते ते शेवटचे पान. १९७१ साली, सत्त्याहत्तर वर्षांचे असताना, ती अकरा मुले आता कुठे आहेत, याचा शोध घेऊन त्यांनी लेख लिहिला. चित्र विदारक होते. ज्यांना लहानपणीच मोठ्या सरकारी संस्थांत टाकले, त्यांची चमक विझून गेली होती. ती अद्भुत स्मरणशक्ती, ते गाणे, सारे मावळले होते. संस्थेत टाकणे म्हणजे जन्मठेपच, असे कॅनर यांना वाटले.

आणि डोनाल्ड? १९४२ च्या सुमारास आई-वडिलांनी त्याला गावाजवळच एका शेतकरी जोडप्याकडे राहायला ठेवले. ती माणसे शिकलेली नव्हती, पण शहाणी होती. मोजमापाचे वेड होते, तर त्यांनी त्याला विहीर खणायला लावून तिची खोली मोजायला सांगितले. मेलेले किडे-पाखरे गोळा करायचा, तर त्यांना पुरायला कोपऱ्यात जागा दिली. डोनाल्ड प्रत्येकावर पाटी लावी आणि त्या गोगलगायीला शेतकऱ्याचेच आडनाव देई! मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजत बसायचा, तर नांगरता नांगरता मोज म्हणाले. कॅनर भेटायला गेले तेव्हा तो घोडा आणि नांगर सफाईने वळवीत सहा लांबच लांब ओळी नांगरत होता. डॉक्टर पाहतच राहिले. त्यांनी नाव दिले होते, पण औषध त्या शेतकरी जोडप्याला सापडले होते : मुलाचे वेड मोडायचे नाही, त्याच वेडाला कामाला जुंपायचे.

डोनाल्ड ट्रिपलेट पुढे पदवीधर झाले, गावच्या बँकेत त्यांनी वर्षानुवर्षे नोकरी केली, गोल्फ खेळले, एकट्याने देशोदेशी हिंडले. गावाने त्यांना जसे आहेत तसे सांभाळले. २०२३ च्या जूनमध्ये, ८९ व्या वर्षी, आपल्याच गावी ते वारले. कॅनर त्याआधी बेचाळीस वर्षे, ३ एप्रिल १९८१ रोजी गेले.

कॅनर यांना ही अवस्था फार दुर्मिळ वाटे. आज तिची कक्षा रुंदावली आहे. न बोलणाऱ्या मुलापासून विद्वान प्राध्यापकापर्यंत तिच्या अनेक छटा आहेत, हे ब्रिटनच्या लॉर्ना विंग यांच्यासारख्यांनी दाखवून दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात १२७ माणसांमागे एक जण स्वमग्न होता. आपल्याकडे १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने आणि पुढे २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याने स्वमग्नतेला स्वतंत्र स्थान दिले.

कायदा झाला, शब्द रुळला. पण शीतकपाट अजून कुठल्या कुठल्या घरात घुमतेच. दोन वर्षांचे मूल हाक मारली तरी वळून पाहत नाही. नजरेला नजर देत नाही, बोट दाखवून काही मागत नाही. आजी म्हणते बोलेल हळूहळू, त्याचा बापही उशिराच बोलला. आणि वर्ष उलटले की तीच कुजबुज सुरू होते : आई नोकरीला जाते ना, लक्ष कुठे असते तिचे! वास्तविक अशा वेळी करायचे असते ते एवढेच, की वाट न पाहता मुलाला बालरोगतज्ज्ञाकडे न्यायचे, कान तपासून घ्यायचे, वाढ तपासून घ्यायची. मदत जितकी लवकर, तितकी मुलाची वाट सोपी. आणि त्या दवाखान्याच्या बाकावर आईशेजारी घरातल्या आणखी कुणीतरी जाऊन बसायचे. आरोपी म्हणून तिला एकटीला पाठवायचे नाही. तो खटला १९६९ सालीच निकाली निघाला आहे.